लाल सिग्नलची राणी : इंग्लंडची पहिली एलिझाबेथ

राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येते ती व्हिक्टोरिया. आम्हा रेल्वेवाल्यांचे तर तिच्याशी जुनेच नाते. मुंबईच्या बोरीबंदरला १८८७ मध्ये तिचे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये छत्रपतींचे नाव लागल्यावरही कित्येकांच्या तोंडी 'व्ही.टी.' कायम राहिले. दुसरी आठवते ती २०२२ मध्ये निधन पावलेली दुसरी एलिझाबेथ. ती तीन वेळा भारतात येऊन गेली, त्यामुळे तिचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहिलेले आहेत. परंतु आज मी ज्या राणीविषयी लिहिणार आहे ती या दोघींच्या कितीतरी आधीची. तिने हिंदुस्थान पाहिला नाही. मात्र आयुष्याच्या अखेरीस तिने एका सनदेला मान्यता दिली, आणि तिचे परिणाम आपल्या देशाला साडेतीनशे वर्षे भोगावे लागले. ती म्हणजे पहिली एलिझाबेथ.

माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याने इतिहासावर लिहावे का, असे कुणाच्या मनात येईल. पण या बाईचे चरित्र वाचताना मला वारंवार आमच्या सिग्नलची आठवण होत गेली. सिग्नलची मूळ स्थिती 'थांबा' ही असते. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तरी हात आपोआप आडवा होतो, म्हणजे गाडी थांबते. पुढचा मार्ग मोकळा असल्याची खात्री पटल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, हा नियम. एलिझाबेथने ४४ वर्षे राज्य केले ते जवळजवळ याच नियमाने. तिचे पहिले उत्तर बहुधा 'थांबा' असे असायचे.

ही सवय तिला लागली ती बालपणी. तिचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ रोजी ग्रिनिच येथे झाला. वडील राजा आठवा हेन्री. पहिल्या राणीशी फारकत घेता यावी म्हणून त्याने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि ॲन बोलिनशी लग्न केले. मुलगा हवा होता, झाली मुलगी. एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा, मे १५३६ मध्ये, तिच्या आईचा शिरच्छेद झाला आणि मुलीला अनौरस ठरवण्यात आले. पुढे वारसांच्या यादीत तिचे नाव परत आले खरे, पण भाऊ एडवर्ड आणि थोरली बहीण मेरी यांच्यानंतर.

शिक्षण मात्र उत्तम झाले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन या भाषा तिला येत. पण खरी शाळा निराळीच होती. १५४९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, थॉमस सीमोर या महत्त्वाकांक्षी सरदाराच्या कारस्थानात तिचे नाव गोवले गेले. नोकरमाणसांना अटक झाली, तिची उलटतपासणी झाली. मुलगी बधली नाही. स्वतःला अडचणीत आणील असा एकही शब्द तिने काढला नाही. सीमोरचे डोके गेले, ती वाचली. १५५४ मध्ये मेरी राणी असताना बंड झाले आणि संशयावरून एलिझाबेथची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. याच टॉवरमध्ये तिच्या आईला मारले होते. दोन महिने ती तिथे होती. पुरावा सापडला नाही म्हणून सुटली आणि पुढे वर्षभर नजरकैदेत राहिली. बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे ज्याला विशीच्या आत इतक्या कठोरपणे शिकवले जाते, तो माणूस घाईने सही करील कसा?

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी वारली आणि पंचविशीची एलिझाबेथ गादीवर आली. त्या वेळचे इंग्लंड म्हणजे कुणालाही हेवा वाटावा असे राज्य नव्हते. त्याच वर्षी फ्रान्सच्या भूमीवरचे कॅले हे शेवटचे ठाणे हातचे गेले होते. वडील आणि भाऊ यांच्या राजवटीत नाण्यांतली चांदी कमी केलेली, त्यामुळे बाजारात पैशाला किंमत नव्हती. धर्माचे तर विचारूच नका. हेन्रीने पोपला झुगारले, एडवर्डने देश पक्का प्रोटेस्टंट केला, मेरीने पुन्हा कॅथलिक केला आणि सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळले. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत सामान्य माणसाने प्रार्थना कशी करायची याचे हुकूम तीन वेळा फिरले.

एलिझाबेथने १५५९ मध्ये जो तोडगा काढला तो पाहण्यासारखा आहे. इंग्लंडचे चर्च पोपपासून वेगळे ठेवले, पण स्वतःला 'प्रमुख' न म्हणवता 'सर्वोच्च प्रशासक' हे पद घेतले. प्रार्थनापुस्तकात मुख्य विधीच्या वेळची वाक्ये अशी जोडली की दोन्हीकडच्या माणसाला आपापला अर्थ काढता यावा. चर्चमध्ये न येणाऱ्याला दंड होता, पण सुरुवातीला किरकोळ. माणसाच्या मनात काय आहे हे खोदून पाहायचे नाही, असे धोरण.

मात्र जिथे मार्ग मोकळा दिसला तिथे ती थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. १५६० ते १५६१ या काळात तिने खोटी-हिणकस नाणी बाजारातून परत घेऊन चांगल्या चांदीची नाणी पाडली. वडिलांनी आणि भावाने करून ठेवलेला घोळ वर्ष-सव्वा वर्षात निस्तरला. विल्यम सेसिल या हुशार, मेहनती माणसाला पहिल्याच दिवसांत सचिव नेमले आणि १५९८ मध्ये तो वारेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, जवळ ठेवले. अखेरच्या आजारात राणी स्वतः त्याच्या उशाशी बसून त्याला भरवत असे. वरिष्ठ आणि हाताखालचा माणूस यांचे असे नाते आपल्या कचेऱ्यांतही क्वचितच पाहायला मिळते.

आता लग्नाचा प्रश्न. राणीने लग्न करावे, वारस द्यावा म्हणून पार्लमेंट १५५९ पासून मागे लागले. १५६२ मध्ये तिला देवी आल्या, ती मरणाच्या दारात गेली आणि पुढे गादी कुणाची यावर सल्लागारांत एकमत होईना. ती वाचली, लोकांना मात्र घाम फुटला. तरी तिने लग्न केले नाही आणि वारसही सांगितला नाही. परदेशी राजपुत्राशी लग्न करावे तर देश त्याच्या मुठीत जाणार. आपल्याच सरदाराशी करावे तर बाकीचे उठणार. वारस जाहीर करावा तर बंडखोरांना आयताच पुढारी मिळणार. तेव्हा तिने प्रत्येक स्थळाशी बोलणी चालू ठेवली. स्पेनचा दुसरा फिलिप, स्वीडनचा एरिक, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, शेवटी १५८१ पर्यंत फ्रान्सचा राजपुत्र. कुणालाच साफ नकार नाही. जोपर्यंत आशा आहे तोपर्यंत समोरचा लढायला येत नाही, हा हिशेब.

या टाळाटाळीने काय मिळाले? वेळ मिळाला. युरोपातला सर्वांत बलाढ्य राजा जो फिलिप, त्याच्याशी उघड युद्ध १५८५ पर्यंत लांबले. म्हणजे २७ वर्षे. या मुदतीत व्यापार सावरला, आणि जॉन हॉकिन्सच्या देखरेखीखाली आरमारातली जहाजे ठेंगणी, चपळ आणि लांब पल्ल्याच्या तोफांची झाली. टाळाटाळ आणि वेळकाढूपणा यांत फरक असेल तर तो हाच. मिळालेल्या वेळात कामे होत होती.

१५८८ मध्ये फिलिपचे सुमारे १३० जहाजांचे आरमार आले तेव्हा त्या कामाचा उपयोग झाला. कॅलेजवळ नांगरून पडलेल्या आरमारावर इंग्रजांनी रात्री आठ पेटती जहाजे सोडली. घाबरून स्पॅनिश जहाजांनी नांगर तोडले, दुसऱ्या दिवशी ग्रॅव्हलिन्ससमोर त्यांना मार बसला आणि परतीच्या वाटेवर स्कॉटलंड-आयर्लंडच्या वादळांनी उरलेले काम केले. टिलबरीच्या छावणीत राणी स्वतः सैनिकांसमोर गेली. तिचे ते भाषण जगप्रसिद्ध आहे.

पण त्याच महिन्याचे दुसरे चित्र शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. लढाई जिंकून परतलेले खलाशी बंदरात साथीच्या रोगाने मरत होते आणि त्यांचे पगार थकले होते. आरमारप्रमुख हॉवर्डने माणसे रस्त्यात मरत असल्याचे दरबारला कळवले. तिजोरी उघडायलाही राणीचा सिग्नल लालच. इथे थांबण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना विचारायला कुणी गेले नाही.

स्कॉटलंडच्या मेरी राणीचे प्रकरणही असेच. १५६८ मध्ये ती आश्रयाला इंग्लंडात आली. एलिझाबेथनंतर गादीवर तिचा दावा होता आणि कॅथलिकांची आशा तिच्यावर होती. सोडणेही धोक्याचे, मारणेही धोक्याचे. म्हणून १९ वर्षे कैदेत ठेवली. शेवटी कटात तिचा हात सिद्ध झाल्यावर १ फेब्रुवारी १५८७ रोजी एलिझाबेथने आज्ञापत्रावर सही केली. आठवड्याभरात शिरच्छेद झाला. मग राणीने आकांत मांडला की कागद पुढे पाठवा असे मी म्हटलेच नव्हते! सचिव विल्यम डेव्हिसनला टॉवरमध्ये टाकले, जबर दंड केला. सही साहेबांची आणि चार्जशीट बाबूला, ही रीत आपल्याला वाटते तितकी नवी नाही.

पोपने १५७० मध्ये तिला बहिष्कृत केल्यावर धर्माबाबतचे मवाळ धोरणही कडक होत गेले. १५८१ मध्ये चर्चमध्ये न जाण्याचा दंड महिन्याला २० पौंड झाला. तिच्या कारकिर्दीत शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरूंना देहान्त शिक्षा झाली. तिच्या लग्नाविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या जॉन स्टब्जचा १५७९ मध्ये उजवा हात तोडला गेला. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या हॉकिन्सला १५६४ मध्ये तिने स्वतःचे जहाज दिले होते. आयर्लंडमध्ये तर तिच्या फौजांनी पिके जाळून मन्स्टर प्रांतात माणसे उपाशी मारली. नाटककार शेक्सपिअरचा काळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, त्याच काळाची ही दुसरी बाजू.

या धर्मभेदाचा एक धागा आपल्या मराठीपर्यंत येतो. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज कॅथलिक मायदेश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. मायदेशात त्याच्या पंथाला जागा नव्हती. त्याने उरलेली चाळीस वर्षे इथेच काढली आणि ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. याच स्टीफन्सने १५८३ मध्ये गोव्याच्या तुरुंगात पडलेल्या राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांना जामिनावर सुटण्यास मदत केली. त्या व्यापाऱ्यांजवळ एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते! फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि पूर्वेकडच्या व्यापाराची माहिती देणारा जाणकार झाला.

आणि आता ती सनद. लंडनच्या व्यापाऱ्यांनी पूर्वेकडे जाण्याची परवानगी १५९९ मध्येच मागितली होती. स्पेनशी तहाची बोलणी चालू असल्याने दरबारने थांबवले. बोलणी फिसकटली, मार्ग मोकळा झाला आणि ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला १५ वर्षांची सनद मिळाली. दोनशेहून अधिक भागीदारांचे ते व्यापारी मंडळ होते. पहिली जहाजे गेली ती सुमात्रा-जावाकडे, हिंदुस्थानकडे नव्हे. आपल्या किनाऱ्यावर, सुरतेला, कंपनीचे जहाज १६०८ मध्ये लागले, तेव्हा राणी जाऊन पाच वर्षे झाली होती. लाल दिवा काढून हिरवा दिलेली ही गाडी कुठवर जाणार आहे, हे सिग्नल देणारीला ठाऊक नव्हते.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. १५९४ पासून सलग चार वर्षे पीक बुडाले, महागाई झाली. आवडत्या सरदारांना ठरावीक मालाच्या विक्रीचे मक्ते दिल्याने लोक चिडले. नोव्हेंबर १६०१ मध्ये पार्लमेंट खवळलेले पाहून तिने हट्ट धरला नाही. जाचक मक्ते रद्द करण्याचे वचन दिले, सभासदांना बोलावून त्यांचे आभार मानले आणि आपल्यावरचे प्रजेचे प्रेम हेच आपले वैभव असे सांगितले. लोक रागाने आले होते, भारावून गेले. त्याच वर्षी गोरगरिबांच्या पोषणाची जबाबदारी प्रत्येक गावावर टाकणारा कायदा झाला. तो दोनशे वर्षांहून अधिक टिकला.

२४ मार्च १६०३ रोजी रिचमंड येथे, वयाच्या ६९ व्या वर्षी ती वारली. जन्मभर वारस सांगितला नाही; पण सेसिलच्या मुलाने, रॉबर्टने, स्कॉटलंडच्या जेम्सशी आधीच गुपचूप पत्रव्यवहार करून ठेवला होता. जेम्स म्हणजे त्याच शिरच्छेद झालेल्या मेरीचा मुलगा. रक्ताचा थेंब न सांडता तो गादीवर आला. पण रिकामी तिजोरी, आयर्लंडची जखम आणि राजा मोठा की पार्लमेंट हा प्रश्न, हे सारे त्याच्या घराण्याच्या माथी आले. १६४२ मध्ये त्यातून यादवी युद्ध पेटले.

म्हणून या राणीकडून शिकायचे तर पूर्ण शिकावे. खात्री नसताना थांबणे हे धैर्याचे काम आहे. आमच्या खात्यात तर त्यावर हजारो जीव अवलंबून असतात. पण लाल सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीतही माणसेच बसलेली असतात. थकलेल्या पगाराच्या खलाशांना, १९ वर्षे कैदेत पडलेल्या मेरीला, दुसऱ्याची सही भोवलेल्या डेव्हिसनला ते पुरेपूर कळले असणार. केबिनमध्ये बसून हात आडवा ठेवणाऱ्याने अधूनमधून खिडकीतून मागे उभ्या असलेल्या गाडीकडेही पाहावे, एवढेच या निमित्ताने सांगावेसे वाटते.