सामुदायिक उष्णता आणि सरकारी अनुदान : मोजले काय, टिकले काय?



मी रायपूरच्या ब्राह्मणपारा भागात राहतो. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. लहानपणी आमच्या घराच्या मागच्या अंगणात तांब्याचा एक बंब होता. त्या एका बंबावर तीन बिऱ्हाडांच्या अंघोळी होत. लाकडे कोणी फोडायची, राख कोणी काढायची, पाणी कोणी भरायचे, याचे वार ठरलेले होते. आज त्याच घरात तीन वेगळे गीझर आहेत. बंब तापवणे ही सामुदायिक उष्णताव्यवस्थाच होती, पण हे मला अभियांत्रिकी शिकवायला लागल्यावर कळले.

एका ठिकाणी उष्णता तयार करायची आणि नळांतून अनेकांना पुरवायची, ही या व्यवस्थेची साधी व्याख्या. एका इमारतीपुरती असेल तर ती सामायिक आणि संपूर्ण वस्तीला पुरत असेल तर जिल्हा-उष्णताव्यवस्था म्हणतात. या लेखात आपण एकच प्रश्न धरून चालू: अशा व्यवस्थांना सरकारने अनुदान दिले, तेव्हा नेमके काय मोजून दिले?

जगातील सुरुवात

1877 मध्ये अमेरिकेतील लॉकपोर्ट गावात बर्डसिल हॉली या अभियंत्याने एका बॉयलरची वाफ जमिनीखालच्या नळांतून शेजारच्या घरांना पुरवली. 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाफपुरवठा सुरू झाला. 1973 च्या तेलसंकटानंतर, आयात तेलावर जवळजवळ पूर्ण अवलंबून असलेल्या डेन्मार्कने 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा केला. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे अशा व्यवस्थेला जोडलेली आहेत.

ब्रिटनचा अनुभव वेगळा आहे. तिथे अनेक व्यवस्था जुन्या झाल्या होत्या. नळांवरचे आवरण निकामी झालेले, जिने आणि व्हरांडे उन्हाळ्यातही तापलेले, घरोघरी मीटर नाहीत. म्हणून 2023 मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी सरकारने खास अनुदान योजना सुरू केली. तिची तरतूद 3 कोटी 20 लाख पाउंड होती. हा पैसा नवीन बॉयलरघर उभारण्यासाठी नसून चालू व्यवस्था सुधारण्यासाठी होता: आवरण बदलणे, नियंत्रणे बसवणे, मीटर लावणे. शिवाय ‘आपल्या व्यवस्थेत उष्णता कुठे वाया जाते’ एवढे शोधून काढण्यासाठीही त्यात वेगळे अनुदान होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

आपल्याकडे काय झाले?

भारताच्या बहुतेक भागात घरे तापवावी लागत नाहीत. आपल्याला सामायिक उष्णता लागते ती स्वयंपाकघरांत, वसतिगृहांत आणि रुग्णालयांत. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण शिर्डीचे. 2009 मध्ये साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 73 सौर तबकड्या बसवण्यात आल्या. प्रत्येकीचे क्षेत्रफळ 16 चौरस मीटर. आरशांनी एकवटलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून खालच्या स्वयंपाकघरात जाते. खर्च सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आला, त्यात केंद्र सरकारचे अनुदान सुमारे 58 लाखांचे. म्हणजे साधारण 44 टक्के.

शिर्डीसारख्या ठिकाणी एक गोष्ट अनुकूल असते. चूल वर्षभर पेटती असते आणि गॅसचे बिल संस्थेलाच भरावे लागते. आरशांवर धूळ बसली, वाफ कमी झाली, की ते बिलात दिसते. देखभालीची आठवण करून द्यायला वेगळा अधिकारी लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. त्यात सौर उष्णसंयंत्रांचे उद्दिष्ट असे होते: 2013 पर्यंत 70 लाख चौरस मीटर आणि 2022 पर्यंत 2 कोटी चौरस मीटर संग्राहक. सर्वसाधारण राज्यांत सौर बंबांना 30 टक्क्यांपर्यंत भांडवली अनुदान मिळे. 2014 मध्ये ते बंद झाले.

उद्दिष्टाचे एकक पुन्हा वाचा. चौरस मीटर! गच्चीवर किती काच लागली ते मोजले गेले. नळाला किती गरम पाणी आले, हा आकडा उद्दिष्टात नव्हता.

एका गच्चीवर

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एका वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो होतो. अनुदानातून बसवलेले संग्राहक जागेवर होते, अनुदानाची पाटीही स्वच्छ होती. पण नळांवरचे इन्सुलेशन उन्हाने फाटून लोंबत होते. रायपूरच्या आसपास चुनखडक आहे, भूजलात क्षार जास्त. त्या क्षारांच्या थराने काही नळ्या बुजल्या होत्या. खाली खोल्यांतून मुलांनी बादलीत टाकायचे हीटर लपवून ठेवले होते. देखभाल करणारे काका म्हणाले, “सर, बसवायची फाइल आहे. दुरुस्तीची फाइलच नाही.”

आम्ही तिथेच टेप लावून मोजमाप घेतले. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत नळ 40 मीटर, आतला व्यास 25 मिलिमीटर. म्हणजे नळात सुमारे 20 लिटर पाणी. रात्रभरात ते थंड होते आणि पहिला विद्यार्थी गरम पाण्याची वाट पाहत ते सांडून देतो. 60 अंशांचे पाणी 20 अंशांवर आले असे धरले, तर 800 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 0.93 युनिट उष्णता गेली. असे दहा नळ असतील तर रोज 200 लिटर पाणी आणि 9 युनिटांहून अधिक उष्णता वाया!

उपाय माहीत आहेत. नळांना चांगले आवरण द्या, नळाची लांबी कमी करा, पाणी फिरते ठेवणारा छोटा पंप बसवा, नळ्यांतील क्षार काढा. पण यातल्या कशानेही संग्राहकाचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरनेही वाढत नाही. चौरस मीटरच्या हिशेबात या सगळ्या सुधारणांची किंमत शून्य.

निष्कर्ष

अनुदान चुकीचे होते, असा अर्थ काढू नका. त्याशिवाय पुष्कळ गच्च्या रिकाम्याच राहिल्या असत्या. क्षेत्रफळ मोजण्यालाही कारण होते: अधिकारी टेप लावून ते पाच मिनिटांत तपासू शकतो, तर उष्णतेचा मीटर महाग पडतो आणि वर्षभर वाचावा लागतो. पण जे मोजले जाते तेच उभे राहते, आणि जे कोणी मोजत नाही ते हळूहळू गंजते. ब्रिटनला हे कळले ते जुन्या व्यवस्था खिळखिळ्या झाल्यावर. आपल्या बंबाला मीटर नव्हता, पण राख काढायचा वार ठरलेला होता. तो चुकला की त्या दिवशी तिन्ही बिऱ्हाडांना कळे.

स्वाध्याय

1. तुमच्या वसतिगृहात किंवा जवळच्या रुग्णालयात सामायिक गरम पाण्याची सोय असेल, तर नळाची लांबी व व्यास मोजा आणि रोज सांडणाऱ्या पाण्याचा हिशेब करा.
2. त्या व्यवस्थेच्या सुधारणेसाठी एका पानाचा अनुदान-प्रस्ताव लिहा. त्यात यश कोणत्या एककात मोजाल आणि ते वाचायला दर महिन्याला गच्चीवर कोण जाईल, हे नक्की लिहा.