मेणाचा साचा आणि डोळ्याखालची जाळी

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, सर्जन नव्हे. तेव्हा आजच्या विषयावर मी का बोलतोय, ते आधी सांगतो.

आपल्या फुलंब्रीवरून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता तुम्हाला माहीत आहे. माझ्या ओळखीतला एक तरुण शेतकरी त्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. डोळा वाचला, पण वर बघितलं की एकाचे दोन दिसायचे. डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला होता. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्याच कमरेचं हाड बसवू की टायटॅनियमची जाळी?" घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्राध्यापक ना मी! मला तेव्हा काहीच सांगता आलं नाही. मग वाचायला बसलो.

वाचताना पहिल्यांदा पोचलो ते पुण्यात. 1792च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. (नाव पारशी वाटतं खरं, पण इंग्रजी वृत्तान्तात तो शेतकरी मराठा असल्याचं लिहिलंय.) वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने त्याला नवं नाक दिलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली आणि ऑक्टोबर 1794च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती छापून आली. वैद्याचं नाव मात्र त्यात नाही. बैलवाल्याचं आहे, बघा.

आता त्या वैद्याने काय केलं? आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या खुंटावर बसवून चांगल्या नाकाचा आकार घडवला. मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, रक्त चालू राहावं म्हणून. ती सुमारे 25व्या दिवशी कापली. म्हणजे वस्तू रोग्याची स्वतःची, पण माप आधी मेणात.

डोळ्याच्या खोबणीकडे वैद्यकाचं नीट लक्ष जायला अजून बराच काळ गेला. 1957 साली स्मिथ आणि रेगन यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून वर हातोडा मारला. कडा शाबूत राहिली, आतला तळ फुटला. हा तळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, पापडासारखा. तो फुटला की डोळ्यामागची चरबी आणि स्नायू खाली उतरतात, कधी फटीत अडकतात. डोळा खोल जातो.

तिथं काय काय बसवून पाहिलं! कमरेचं, बरगडीचं, कवटीचं हाड. ते आपलंच, म्हणून शरीर नाकारत नाही, पण थोडंथोडं झिजून नाहीसं होतं. किती, ते आधी सांगता येत नाही. शिवाय दुसरी जखम. मग सिलिकॉन, टेफ्लॉन आले. सोपे, पण काहींच्या बाबतीत कित्येक वर्षांनी सरकले, पिकले. सच्छिद्र पॉलिथिलीनमध्ये ऊती शिरतात, पण ते स्कॅनवर नीट दिसत नाही. विरघळणारे पत्रे लहान भोकाला चालतात. टायटॅनियमचं हाडाशी जमतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 साली सशाच्या हाडात बसवलेलं उपकरण निघेना तेव्हा कळलं. त्याची जाळी मोठं भोक पेलते, स्कॅनवर दिसते. पण पुढे काढायची वेळ आली तर काम अवघड. आणि 1974मध्ये पुटरमन यांनी बजावलं की पुष्कळांना शस्त्रक्रियाच लागत नाही!

"आपलं ते चांगलं, परकं ते वाईट" हे आमच्या शास्त्रातलं जुनं गृहीतक इथं टिकत नाही. भोक केवढं, मागे टेकू किती उरलाय, हे आधी विचारावं लागतं. खोबणीत जागा सुमारे 30 मिलिलिटर. डोळा दोन मिलिमीटर आत गेला तरी चेहऱ्यावर दिसतो. म्हणून आता शाबूत बाजूचा स्कॅन संगणकावर उलटा करतात, त्यावरून प्लास्टिकचा नमुना छापतात आणि जाळी त्यावर आधीच वाकवून घेतात. पुण्याच्या वैद्याचं मेणच ते!

आमच्या पोराचं भोक मोठं होतं. पेरणी तोंडावर. कमरेचं हाड काढलं तर काही आठवडे लंगडणं, जाळी घेतली तर पैसे. त्याच्या आईने डॉक्टरांना विचारलं, "गंजणार नाही ना?" डॉक्टर म्हणाले, नाही, हवा लागताच त्यावर पातळ थर धरतो, तोच त्याला राखतो. मग तिने बांगड्या गहाण ठेवल्या.

जाळी बसली. अगदी वर बघितलं तर त्याला अजून किंचित दोन दिसतं. सरळ बघताना एकच.