रोगनिदान आणि उपचारांचे संशोधन : बेंगळुरू

चिकित्सालयीन संशोधन : आजार ओळखावा कसा, कोणता उपचार कोणाला लागू पडतो आणि तो गरजूच्या हाती पडतो का, हे प्रत्यक्ष माणसांमध्ये, त्यांच्या संमतीने आणि आधी ठरवलेल्या पद्धतीने तपासणारे वैद्यकीय संशोधन. सामान्य बोलण्यात याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. पण औषधाची चाचणी हा त्यातला एक भाग झाला. बेंगळुरूतील संस्थांनी क्षयरोग, हृदयविकार, अपस्मार अशा अनेक आजारांवर काम केले. त्यातले सर्वांत मोलाचे काम तिसऱ्या प्रश्नाभोवती फिरते : रुग्ण दवाखान्याच्या दारात आल्यावर त्याचे पुढे काय होते?

या कामाची सुरुवात क्षयरोगापासून झाली. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयरोग शहरांइतकाच खेड्यांतही पसरलेला आढळला. तोवर क्षयावरचा उपाय म्हणजे स्वच्छ हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने विश्रांती असेच समीकरण होते. पाचगणी, मिरज येथील आरोग्यधामे मराठी वाचकाला ऐकून माहीत असतात. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने हे समीकरण मोडले : घरी राहून गोळ्या घेणारा गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. खाटांचा प्रश्न सुटला. लाखो रुग्ण खेड्यापाड्यांतून शोधायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठी भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने १९५९ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन केली. १६ सप्टेंबर १९६० रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे रीतसर उद्घाटन झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफ्डन माहलर संस्थेच्या जडणघडणीत होते.

त्या वेळी तज्ज्ञांमध्ये एक समजूत पक्की होती. खेडूत अडाणी, त्याला आजार कळत नाही, कळला तरी तो वैदू-भगतांकडे जातो. म्हणून क्ष-किरण यंत्रे गाडीवर चढवून गावोगाव फिरवा आणि रुग्ण हुडकून काढा. ही गाडी महागडी होती. ती चालवायला तंत्रज्ञ, वीज आणि सुटे भाग लागत, आणि देशातल्या गावांची संख्या लाखांत होती.

डॉक्टर असून मानववंशशास्त्राचा अभ्यास केलेले देबबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी ही समजूत तुमकूर जिल्ह्यात तपासून पाहिली. पाहणीत सापडलेल्या क्षयरुग्णांच्या घरी जाऊन त्यांनी साधे प्रश्न विचारले : काय होते आहे, कधीपासून, काळजी वाटते का, त्यासाठी काय केले? १९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या निष्कर्षांनी तज्ज्ञांचा पवित्रा बदलला. जवळजवळ सगळ्या रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बहुतेकांना त्यांची चिंता वाटत होती. निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण तर उपचारासाठी दवाखान्याची पायरी चढून आले होते. तिथे त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली पडली आणि ते घरी परतले. क्षयाची शंका घेऊन थुंकी तपासण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. अडाणीपणाचा ठपका रुग्णावर होता. चूक निघाली दवाखान्याची.

या एका अभ्यासावर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची इमारत उभी राहिली. १९६२ पासून आकाराला आलेल्या या कार्यक्रमात क्षयासाठी वेगळी फौज उभी करण्याऐवजी जवळच्या सरकारी दवाखान्यातच सोय करण्यावर भर होता. दीर्घ खोकला घेऊन स्वतःहून आलेल्या माणसाचा बेडका काचपट्टीवर घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जंतू दिसले तर महिन्याभराच्या गोळ्या तिथेच, फुकट. क्ष-किरण यंत्र जिल्ह्याच्या केंद्रात राहील. जी. व्ही. जे. बेली व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये एका संपूर्ण जिल्ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि केवळ थुंकीच्या तपासणीतून किती रुग्ण हाती लागू शकतात याचा अंदाज मांडला. सूक्ष्मदर्शक, स्पिरिटचा दिवा आणि थोडे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी एवढ्या सामग्रीवर निदान होते, ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा तिच्यासाठी भांडावे लागले.

संस्थेचा दुसरा मोठा अभ्यास वाचताना मात्र अंगावर काटा येतो. १९६१ ते १९६८ या काळात बेंगळुरू जिल्ह्यातल्या ११९ खेड्यांची पाच वर्षांत चार वेळा तपासणी झाली. संघटित उपचार-कार्यक्रम पोहोचला नसेल तर क्षयाची वाटचाल कशी होते, हे त्यातून कळले. पहिल्या फेरीत थुंकीत जंतू सापडलेल्यांपैकी पाच वर्षांच्या अखेरीस सुमारे ४९ टक्के मरण पावले होते, सुमारे ३२ टक्क्यांची थुंकी आपोआप निर्जंतुक झाली होती आणि सुमारे १८ टक्के अजूनही जंतू पसरवत होते. क्षयरोगाच्या गणिती आराखड्यांत हे आकडे पुढे वर्षानुवर्षे वापरले गेले. ज्ञानात भर पडली यात वाद नाही. पण बरे करणारी औषधे जगात उपलब्ध असताना रोगाची नैसर्गिक वाटचाल मोजत राहणे, याला आजची कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, द्यायलाही नको.

तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून झालेल्या बीसीजी लसीच्या प्रचंड चाचणीतही या संस्थेचा सहभाग होता. बेली यांच्या नेतृत्वाखालच्या त्या चाचणीचा निकाल निराशाजनक आला : मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून लस संरक्षण देत नाही. लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून आजही बाळाला ती टोचली जाते.

राष्ट्रीय कार्यक्रमाची पुढची कहाणी फारशी अभिमानाची नाही. औषधांचा तुटवडा, अर्धवट सोडलेले उपचार आणि दुर्लक्ष यांमुळे तो ढेपाळला. १९९२ च्या आढाव्यात हे उघड झाले आणि १९९३ पासून सुधारित कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली. थुंकी तपासणीचा पाया मात्र तसाच राहिला. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीने जुन्या उत्तराला नवी मर्यादा घातली : छातीच्या आजाराची लक्षणे असलेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते, आणि क्ष-किरण तपासणी केली नसती तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे साठ वर्षांपूर्वी मागे सारलेली क्ष-किरणांची गाडी पुन्हा गावात हवी आहे. बॅनर्जींचा निष्कर्ष त्या काळापुरता होता असे म्हणता येईल. रुग्णाच्या घरी जाऊन विचारण्याची त्यांची रीत तशी जुनी झालेली नाही.

तोच धागा बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात हृदयविकाराच्या संदर्भात सापडतो. डेनिस झेवियर, प्रेम पैस आणि कॅनडातील सलीम युसूफ यांच्या गटाने भारतातल्या ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून हृदयविकाराच्या झटक्याच्या २०,९३७ रुग्णांची नोंद केली. 'क्रिएट' नावाचा हा अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागणारा मध्यक वेळ ३६० मिनिटे निघाला. छातीत कळ आली की सहा तास गेले ते कुठे, याचे उत्तर बहुतेक मराठी घरांत मिळेल : आधी अॅसिडिटी समजून ओवा, मग जवळच्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग वाहनाची शोधाशोध. याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोचरा आहे. तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. गरिबांचे हृदय अधिक कमकुवत होते का? संशोधकांनी दोन्ही गटांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतला, तेव्हा मृत्यूंतला फरक नाहीसा झाला. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध, चरबी कमी करणारी गोळी, बंद रक्तवाहिनी उघडणारी अँजिओप्लास्टी हे सगळे गरिबांच्या वाट्याला कमी आले होते. तुमकूरच्या बाटलीची ही शहरी आवृत्ती म्हणावी लागेल.

याच गटाची पुढची चाचणी एका गोळीची होती. हृदयविकार टाळण्यासाठी लागणारी अनेक औषधे एकाच गोळीत घालावीत, ही कल्पना २००३ मध्ये ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी मांडली होती. अहमदाबादच्या कॅडिला कंपनीने बनवलेल्या 'पॉलिकॅप' गोळीत रक्तदाबाची तीन औषधे, चरबी कमी करणारे सिमव्हास्टॅटिन आणि ॲस्पिरिन अशी पाच औषधे होती. सेंट जॉन्सच्या समन्वयाने देशातल्या ५० केंद्रांत २,०५३ जणांवर तिची चाचणी झाली आणि २००९ मध्ये निकाल आला : पाच औषधे एकत्र घेतली तरी ती एकमेकांच्या कामात फारशी आड येत नाहीत आणि त्रासही वाढत नाही. हृदयविकार प्रत्यक्षात टळतो का, हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षे गेली. अनेक देशांतल्या ५,७१३ जणांवरच्या 'टिप्स-३' चाचणीत अशी संयुक्त गोळी आणि वेगळी ॲस्पिरिन मिळून हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्याकडे मात्र चार वेगळ्या गोळ्या चार वेगळ्या पाकिटांतून घेणारा रुग्णच अजून सर्रास दिसतो.

मेंदूच्या आजारांसाठी शहरातली प्रमुख संस्था म्हणजे निमहान्स, म्हणजेच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था. जुने मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून ती १९७४ मध्ये उभी राहिली. एक चमत्कारिक आजार जगाच्या वैद्यकीय साहित्यात आणण्याचे श्रेय बरेचसे इथल्या मज्जातज्ज्ञांकडे जाते. डोक्यावरून भराभर कढत पाणी ओतून आंघोळ करताना फिट येणे, हा तो आजार. न्यूझीलंडमधून १९४५ मध्ये त्याची एक नोंद झाली होती; पण शेकड्यांनी रुग्ण सापडले ते दक्षिण कर्नाटकात. के. एस. मणी यांनी १९७४ मध्ये अशा १०८ रुग्णांची लक्षणे आणि मेंदूलेख मांडले, पुढे पी. सतीशचंद्र यांनी मोठ्या संख्येने रुग्ण अभ्यासले. यांतल्या बहुतेकांना रोज गोळ्या लागत नाहीत. कोमट पाणी वापरले, किंवा न्हाण्याआधी क्लोबाझाम या फिटवरच्या औषधाची एक मात्रा घेतली, तरी अनेकांचे भागते. 'बाहेरची बाधा' समजून मुलाला देवळात नेणाऱ्या आईला तांब्यातले पाणी थोडे निवू द्या असे सांगणे, ही उपचारपद्धती विनोदी वाटली तरी अभ्यासातून आलेली आहे.

मणी यांनी चामराजनगर जिल्ह्यातल्या येळंदूर भागातही काम केले. फेनोबार्बिटोन आणि फेनिटोइन या दोन जुन्या, स्वस्त औषधांनी खेड्यातला अपस्मार आटोक्यात ठेवता येतो, असे त्यांच्या गटाने २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. एम. गौरीदेवी यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू आणि भोवतालच्या खेड्यांत एक लाखाहून अधिक लोकांची घरोघर पाहणी झाली. तीत हजारी सुमारे नऊ जणांना अपस्मार आढळला, आणि खेड्यांतले प्रमाण शहराच्या दुप्पट भरले. मज्जातज्ज्ञ मात्र शहरातच राहतात.

याच राज्यातले, पण मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण बेळगावचे. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात घेतली. गोळी देणाऱ्या होत्या गावात काम करणाऱ्या परिचारिका. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात झालेली. १,६२० स्त्रियांच्या या अभ्यासात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला.

औषध उद्योगाच्या बाजूने पाहिले तर चित्र मिश्र आहे. १९७८ मध्ये किरण मजुमदार-शॉ यांनी सुरू केलेल्या बायोकॉनने सोरायसिससाठी इटोलिझुमॅब हे जैविक औषध विकसित करून २०१३ मध्ये बाजारात आणले. जुलै २०२० मध्ये त्याच औषधाला कोविडच्या गंभीर रुग्णांसाठी मर्यादित आपत्कालीन परवानगी मिळाली, तीही मुंबई व दिल्लीतल्या अवघ्या ३० रुग्णांच्या अभ्यासावर आणि तिसऱ्या टप्प्याची चाचणी न घेता. त्यावर तज्ज्ञांनी कडक टीका केली आणि कोविडवरच्या राष्ट्रीय कृतिगटाने ते आपल्या उपचार-सूचनेत घेतले नाही. साथीची घाई समजण्यासारखी होती. तीस ही संख्या मात्र समजण्यासारखी नव्हती.

अशा प्रसंगी नियमांचे मोल कळते. भारतातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, सीटीआरआय, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी तीत नोंद बंधनकारक झाली. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम मार्च २०१९ मध्ये आले. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची तरतूद त्यांत आहे. वाचकाला किंवा घरातल्या कोणाला एखाद्या चाचणीत सहभागाबद्दल विचारले गेले, तर नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे आणि घरी आणून सावकाश वाचावे. नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला आहे, आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.