घोड्याला जाग येते तेव्हा : मोठ्या जनावरांच्या शल्यशिक्षणाची कहाणी (थ्रेड)

६ जुलै १९७५. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दोनच घोड्यांची शर्यत होती. एका बाजूला त्या वर्षीचा केंटकी डर्बीविजेता फूलिश प्लेझर, दुसऱ्या बाजूला एकही शर्यत न हरलेली रफियन नावाची काळी घोडी. शर्यत ऐन रंगात असताना तिच्या उजव्या पुढच्या पायाची दोन्ही सेसामॉइड हाडे मोडली. स्वार लगाम खेचत राहिला, आणि ती त्या मोडक्या पायावर धावतच राहिली.

रात्री शस्त्रक्रिया झाली. पाय जोडला, प्लास्टर घातले. पुढे भूल उतरू लागली आणि आडवी पडलेली रफियन जणू अजूनही शर्यतीतच असल्यासारखी पाय झाडू लागली. प्लास्टर फुटले, जोडलेले सारे पुन्हा विस्कटले. ७ जुलैच्या पहाटे तिला दयामरण देण्यात आले. बेलमाँटच्या मैदानातच तिचे दफन झाले.

शल्यविद्येच्या इतिहासात ही रात्र महत्त्वाची आहे, कारण घोडी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना हातची गेली. माणसावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर टाके घालून हात धुतो, तेव्हा त्याचे बरेचसे काम संपलेले असते. घोड्याच्या डॉक्टरचे सर्वांत धोक्याचे काम तिथून सुरू होते.

असे का, हे समजायला घोडा समजून घ्यायला हवा. अंदाजे पाचशे किलोंचा हा प्राणी निसर्गतः भक्ष्य आहे. जाग येताच उठून पळायचे, एवढेच त्याचे शरीर जाणते. त्याला ‘दोन महिने पडून राहा’ असे सांगता येत नाही. फार वेळ आडवा राहिला तर त्याच्याच वजनाखाली स्नायू दबतात, फुप्फुसे दबतात. तीन पायांवर उभा केला तर ज्या पायावर जादा भार येतो त्याचा खूर आतून सुटू लागतो. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. मोडलेला पाय सांधण्यापेक्षा बाकीचे तीन सांभाळणे अनेकदा अवघड ठरते. ‘घोड्याचा पाय मोडला की गोळी’ हा जुना रिवाज क्रूर दिसतो. पण त्यामागे निव्वळ निष्ठुरता नव्हती, हतबलताही होती.

गाय-म्हैस या बाबतीत पुष्कळ समजूतदार. खिळा किंवा तार गिळलेल्या म्हशीची डावी कूस उघडून पोट साफ करण्याची शस्त्रक्रिया बहुधा ती उभी असतानाच, फक्त ती जागा बधिर करून केली जाते. १८८६ साली स्थापन झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून देशभर या विषयात पदव्युत्तर पदवी घेणारे विद्यार्थी मोठ्या जनावरांत प्रामुख्याने गाई, म्हशी आणि बैलच हाताळतात. खेड्यातल्या गोठ्यात भुलीचे यंत्र नसते. तिथे उभ्या जनावरावर काम करता येणे हेच खरे कौशल्य. घोड्याच्या मोडक्या हाडाला मात्र ही सवलत नाही. त्याला पूर्ण भूल द्यावीच लागते, आणि ती उतरावीही लागते.

आता थोडे मागे जाऊ. आधुनिक पशुवैद्यकशिक्षणाचा आरंभ फ्रान्समधला. क्लोद बूर्जला हा मूळचा अश्वारोहणाच्या अकादमीचा प्रमुख. त्याच्या पुढाकाराने १७६२ साली ल्यों येथे पहिली शाळा सुरू झाली आणि पाठोपाठ पॅरिसजवळ आल्फोरची. घोडा म्हणजे तेव्हाचे सैन्य आणि वाहतूक. त्यामुळे शाळेचे लक्षही मुख्यतः घोड्यावर.

पण शस्त्रक्रिया शिकवायची कशावर? एकोणिसाव्या शतकात आल्फोरला याचे उत्तर होते निकामी झालेला जिवंत घोडा. एकाच घोड्यावर विद्यार्थी एकामागून एक शस्त्रक्रियांचा सराव करत, तोही भुलीविना. ईथर आणि क्लोरोफॉर्म १८४६-४७ पासून जगाला ठाऊक होते, तरीही. १८६० च्या दशकात ब्रिटनमधून या प्रथेविरुद्ध मोठा गदारोळ उठला. समर्थकांचा युक्तिवाद असा, की धडपडणाऱ्या जनावरावर हात बसला नाही तर पुढे प्रत्यक्ष कामात तो कसा चालणार? या युक्तिवादातला प्रश्न खरा होता, उत्तर भयंकर होते. शिकणाऱ्याच्या पहिल्या चुकांची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न या विद्येच्या इतिहासात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

भूल आली तरी घोड्याच्या वाट्याला ती फार उशिरा नीट आली. १९५० च्या दशकातही घोड्याला खाली पाडण्यासाठी सक्सिनिलकोलीन वापरले जाई. या औषधाने स्नायू लुळे पडतात. वेदना आणि शुद्ध जशीच्या तशी राहते. बाहेरून शांत दिसणारा घोडा आत सारे काही सोसत असे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात हॅलोथेन हा श्वासावाटे देण्याचा वायू आला आणि पहिल्यांदाच तास-दोन तास निवांत काम करणे शक्य झाले. अवघड अस्थिशल्यक्रियेचा विचार करण्याची सवड मिळाली ती अशी.

याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॅक येनी हा स्विस शल्यविशारद काम करत होता. विद्यापीठाने १९५२ साली केनेट स्क्वेअर या गावाजवळ शेतजमीन घेऊन मोठ्या जनावरांसाठी ‘न्यू बोल्टन सेंटर’ उभे केले होते. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली काही शल्यविशारदांनी ‘एओ’ नावाचा गट स्थापून माणसाची मोडलेली हाडे प्लेट-स्क्रूने घट्ट बसवण्याचे शास्त्र उभारले. येनी त्याच विचाराचा माणूस. पण त्याची अधिक विलक्षण कल्पना हाडाविषयी नव्हती, जागे होण्याविषयी होती. बेशुद्ध घोड्याला पाळण्यात उचलायचे, चार पायांसाठी चार कप्पे असलेल्या रबरी तराफ्यात बसवायचे आणि कोमट पाण्याच्या तलावात सोडायचे. पाय झाडले तरी आपटायला काही नाही. पूर्ण शुद्धीवर आला की वरच्या रुळावरून उचलून थेट ठाणात, चार पायांवर उभा करायचा. येनी १९७१ मध्ये वारला. तलावाची पद्धत न्यू बोल्टनची ओळख बनून राहिली.

साधने आली, पण ती वापरणारे हात कसे घडवायचे? माणसांच्या वैद्यकात याचे उत्तर आधीच सापडले होते. १८८९ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेडने निवासी प्रशिक्षणाची पद्धत रुजवली. शिकाऊ शल्यविशारद रुग्णालयातच राहतो आणि त्याची जबाबदारी पायरी पायरीने वाढत जाते. पशुवैद्यकाने हीच चौकट उचलली, फक्त पाऊण शतक उशिरा. १९६५ साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स’ स्थापन झाले. नावात कॉलेज असले तरी हे महाविद्यालय नव्हे; कोणाला तज्ज्ञ म्हणायचे हे ठरवणारी ती संस्था आहे.

मार्ग असा : पशुवैद्यकाची पदवी, मग साधारण वर्षाची इंटर्नशिप, मग तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण. केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, संशोधननिबंध आणि शेवटी कठोर परीक्षा. कागदावर हे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात निवासी डॉक्टरचे शिक्षण बरेचसे रात्री होते, कारण पोटशुळाचा घोडा वेळ पाहून येत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, आतड्याला पीळ पडला की घड्याळ सुरू होते. त्याला उताणा टेबलावर घ्यायचा, पोट मध्यरेषेवर उघडायचे आणि कित्येक मीटर आतडे हातांनी चाचपत दोष शोधायचा. पहिल्या वर्षी वरिष्ठाच्या हाताखाली आतडे धरून उभे राहायचे, मग वरिष्ठ शेजारी असताना सुरी हाती घ्यायची, आणि एके रात्री वरिष्ठ शेजारी नसतो. हाडाचा सराव आता मेलेल्या जनावरांच्या पायांवर होतो. आल्फोरच्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर निश्चितच अधिक सभ्य. अपुरे मात्र आहे, कारण मेलेला पाय उठून उभा राहत नाही.

या वाटेने घडलेला एक विद्यार्थी म्हणजे डीन रिचर्डसन. डार्टमथला गेला तो अभिनेता व्हायच्या इराद्याने. शारीरिक शिक्षणाचा विषय म्हणून घोडेस्वारी घेतली आणि आयुष्याची दिशाच बदलली. ओहायोत पशुवैद्यकाची पदवी घेऊन तो न्यू बोल्टनला प्रशिक्षणासाठी आला आणि तिथेच राहिला.

२० मे २००६ रोजी बाल्टिमोरमध्येच, प्रीकनेस शर्यतीत, डर्बीविजेता बार्बारो याचा उजवा मागचा पाय मोडला. एका हाडाचे तर वीसहून अधिक तुकडे झाले होते. रिचर्डसन त्या वेळी फ्लोरिडात दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी गेला होता. दुसऱ्या दिवशी परतून त्याने पाच तासांहून अधिक वेळ काम केले. एक लॉकिंग प्लेट, २७ स्क्रू. त्यानंतर बार्बारोला तराफ्यात बसवून तलावात सोडण्यात आले. तो शांतपणे जागा झाला, ठाणात गेला आणि खाऊ लागला. एकतीस वर्षांपूर्वी जिथे सारे संपले होते, ती पायरी ओलांडली गेली. रिचर्डसनने तरीही जगण्याची शक्यता निम्मीच सांगितली होती. जगभरच्या वर्तमानपत्रांना ती निराशा वाटली. ज्यांनी निवासी डॉक्टर म्हणून ठाणात रात्री काढल्या होत्या, त्यांना ते साधे गणित वाटले असेल.

जुलैमध्ये डाव्या मागच्या पायात, म्हणजे न मोडलेल्या पायात, लॅमिनायटिस उतरला. खुराच्या भिंतीचा सुमारे ८० टक्के भाग काढावा लागला. मोडलेले हाड सांधत आले होते. पुढचे सहा महिने सारी झुंज त्या दुसऱ्या खुरासाठी चालली. अखेर पुढच्या पायांतही तोच विकार शिरला आणि २९ जानेवारी २००७ रोजी बार्बारोला दयामरण देण्यात आले.

त्याच वर्षी त्याच्या मालकांनी, रॉय आणि ग्रेचेन जॅक्सन यांनी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अश्वरोगांच्या संशोधनासाठी एक अध्यासन स्थापन केले. आपला घोडा ज्याच्या हातून वाचला नाही, त्याच डीन रिचर्डसनचे नाव त्यांनी त्या अध्यासनाला दिले.