लाल खिडकीतील तारीख

जर्मनीतील हायडेलबर्ग शहरात, बाजारचौकातच उभ्या असलेल्या पवित्र आत्म्याच्या चर्चला एक लाल खिडकी आहे. तिच्यात येशू नाही, मरियम नाही, कोणी संतही नाही. आहे ते आइनस्टाइनचे ऊर्जा आणि वस्तुमान यांचे सूत्र, आणि एक तारीख : ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. ही खिडकी १९८४ साली बसवण्यात आली. ती रचणारे कलावंत योहानेस श्रायटर.

मी बोईसरला राहतो. आमच्याकडे ‘अणू’ हा शब्द केवळ शाळेच्या पुस्तकातला नाही. तो रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. म्हणूनच युद्धोत्तर जर्मन काचकलेविषयी वाचू लागलो तेव्हा बाकीच्या शेकडो खिडक्या मागे राहिल्या आणि ही एक मनात बसली. अणूचे चित्र काढायचे तर ते कसे काढावे, आणि कोठे लावावे, या प्रश्नाचे एक उत्तर तिच्यात आहे.

रंगीत काचेची खिडकी म्हटली की मुंबईकडच्या वाचकाला कुलाब्याचे अफगाण चर्च आठवते, किंवा मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावर उभा असलेला, १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. त्या काचा व्हिक्टोरियन इंग्लंडच्या परंपरेतल्या आहेत. त्यांचे तंत्र मध्ययुगीन. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळून रंग आणायचा. कोबाल्टने निळा, तांब्याने किंवा सोन्याने लाल. मग आराखड्याबरहुकूम तुकडे कापायचे, शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवायचे आणि सांधे डाख देऊन पक्के करायचे. या पद्धतीत शिशाची काळी रेघ ही चित्राची नोकर असते. संताच्या झग्याची कड, हाताची बाह्यरेषा, कमानीचा काठ, जेथे आकार संपतो तेथे ती असते. पाहणाऱ्याने रंग पाहावा आणि रेघ विसरावी, अशी अपेक्षा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ही अपेक्षाच मोडली. बॉम्बहल्ल्यांनी शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि उभ्या राहिलेल्या चर्चच्या खिडक्याही रिकाम्या होत्या. आखेन येथील कॅथीड्रलच्या गाभाऱ्याच्या खिडक्या सुमारे पंचवीस मीटर उंचीच्या; त्यांची काच युद्धात गेली. १९४९ ते १९५१ या काळात वाल्टर बेनर आणि आन्टोन वेन्डलिंग यांनी तेथे नवी काच घातली. वेन्डलिंग यांचे सहायक लुडविग शाफ्रात हे आखेनजवळच्या आल्सडोर्फ या कोळसा खाणींच्या गावचे. तिकडे गेऑर्ग माइस्टरमान, विल्हेल्म बुशुल्टे हेही काम करत होते. एवढी रिकामी चौकट एकाच वेळी एका पिढीच्या वाट्याला क्वचितच आली असेल. या मंडळींनी जुन्या संतांच्या नकला केल्या नाहीत. त्यांनी शिशाच्या रेघेला नोकरीतून मोकळे केले. रेघ आता आकाराभोवती फिरत नव्हती. ती स्वतःच चित्र होती.

श्रायटर या पिढीतले धाकटे. जन्म १९३० सालचा, सॅक्सनीतील बुखहोल्त्स या गावचा. युद्ध संपले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे म्युन्स्टर, माइन्त्स आणि बर्लिन येथे त्यांचे शिक्षण झाले. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी कागद ज्योतीवर धरून जाळायला सुरुवात केली. करपलेल्या कडा, भोके, काजळीचे डाग यांचीच चित्रे होऊ लागली. या ‘दग्ध चिकटचित्रां’नी त्यांना पहिली ओळख दिली. नंतर ते काही काळ ब्रेमेनच्या कलाशाळेत होते, आणि १९६३ पासून १९८७ पर्यंत फ्रांकफुर्टच्या श्टेडेल कलाशाळेत प्राध्यापक. मधली काही वर्षे तेथील प्रमुखपदही त्यांच्याकडे होते.

जळक्या कागदाची ही सवय त्यांनी काचेत आणली. त्यांच्या खिडकीत शिशाची रेघ सरळ निघते, मध्येच डगमगते, तुटते, आणि पुढे कोठेतरी पुन्हा सुरू होते. नीट आखलेली चौकटीची जाळी एका कोपऱ्यात उसवते. गणितातल्या कंसासारखा एखादा आकार अर्धा उघडा राहतो. काचही बरेचदा आरपार दिसणारी नसते; दुधाळ, प्रकाश अडवून मुरवणारी असते. बाहेरचे झाड दिसू नये, पण बाहेर उजेड आहे हे कळावे, असा तिचा स्वभाव. राइन नदीकाठच्या लॉयटेसडोर्फ येथील १९६६ च्या खिडक्यांपासून ही भाषा त्यांची स्वतःची झाली.

हायडेलबर्गचे काम त्यांच्याकडे आले ते १९७० च्या दशकात. त्या चर्चचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. १३८६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाशी त्याचे जुने नाते. त्याच्या सज्जांमध्ये एके काळी युरोपातला एक नामांकित ग्रंथसंग्रह होता. १६२२ साली शहर पडले आणि दुसऱ्या वर्षी तो संग्रह रोमला नेण्यात आला. पुढे १७०६ पासून १९३६ पर्यंत याच चर्चच्या मधोमध भिंत होती : एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंट.

जेथे ग्रंथ होते तेथे श्रायटर यांनी ज्ञान परत आणायचे ठरवले. पण आजचे ज्ञान. भौतिकशास्त्र, वैद्यक, जीवशास्त्र, अर्थव्यवहार, वाहतूक, प्रसारमाध्यमे असे विषय त्यांनी खिडक्यांसाठी घेतले. वैद्यकाच्या आराखड्यात हृदयाचा आलेख होता. श्रद्धेच्या जागी विद्यापीठातले विषय असावेत का, आणि असले तर इतके अस्वस्थ करणारे असावेत का, यावर शहरात मोठा वाद झाला. उपासनेला आलेल्या माणसाला शांती हवी असते, हे विरोधकांचे म्हणणे काही अगदीच टाकाऊ नव्हते. अखेर त्या मालिकेतली एकच खिडकी चर्चमध्ये राहिली. ती भौतिकशास्त्राची.

त्या खिडकीत सूत्र आणि तारीख यांच्यासोबत बायबलमधले दोन उतारे आहेत. एक, तापाने मूलद्रव्येच विरघळून जातील असे सांगणारा. दुसरा, डोंगर ढळले तरी देवाची दया ढळणार नाही असे आश्वासन देणारा. धमकी आणि आधार दोन्ही एकाच लाल उजेडात. हायडेलबर्गमध्ये आइनस्टाइनचे सूत्र लिहिण्याला आणखी एक धार आहे. १९०५ चे नोबेल मिळवणारे फिलिप लेनार्ड याच विद्यापीठातले. आइनस्टाइनच्या विज्ञानाला ‘ज्यू भौतिकशास्त्र’ म्हणून हिणवणाऱ्यांचे ते म्होरके. १९३५ साली तेथील भौतिकशास्त्र संस्थेला त्यांचे नावही दिले गेले. त्याच गावात ते सूत्र देवळाच्या खिडकीत चढले.

आणि एक योगायोग मला विसरता येत नाही. श्रायटर यांचे जन्मगाव एर्त्सगेबिर्ग म्हणजे ‘धातुकांच्या डोंगरां’तले. १७८९ साली क्लाप्रोथ यांनी युरेनियमचा शोध लावला तो याच डोंगरांतल्या खनिजातून. क्यूरी दांपत्याने रेडियम काढले तेही याच रांगेच्या बोहेमियाकडच्या उतारावरील खाणीच्या मालातून. युद्ध संपल्यावर सोव्हिएत अमलाखाली येथे युरेनियमसाठी डोंगर पोखरले गेले. कलावंताने हे मनात धरले होते असे मी म्हणत नाही. पण ज्या मातीतून अणूची गोष्ट सुरू झाली, त्याच मातीतल्या मुलाने तिची खिडकी केली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

आता तारापूर. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून ते उभे राहिले. तिसरी आणि चौथी भट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, २००५-०६ मध्ये सुरू झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. वीज आणि बॉम्ब यांची गल्लत करू नये हे खरे. पण दोन्ही एकाच सूत्राची लेकरे आहेत, आणि त्यांची नाती आम्हीही पाहिली आहेत : १८ मे १९७४ ला पोखरणला चाचणी झाली आणि पुढे तारापूरच्या अमेरिकी इंधनाचा पुरवठा बंद पडला, १९८० च्या दशकात फ्रान्सचे इंधन आले.

या साऱ्याचे आमच्याकडे काय आहे? कुंपण, फाटक, फलक, टॅप्सची वसाहत, औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. अणूने या परगण्याला पगार दिला, शाळा दिल्या, विस्थापनही दिले. त्याची आकडेवारी आहे, अहवाल आहेत, कोर्टातले कागद आहेत. चित्र मात्र नाही.

आणि हा काही चित्र न येणारा मुलूख नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पांढऱ्या रेघेतून लग्न, शेत, मासेमारीचे जाळे उभे केले. २००३ साली जर्मनीतल्याच ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामासोबत लागली. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. कुडाच्या भिंतीवरची रेघ आणि शिशाची रेघ यांत एक साम्य मला दिसते : दोन्ही घराचा भाग असतात. खिडकी किंवा लग्नाचा चौक खिळ्यावरून उतरवून दुसरीकडे नेता येत नाही. जेथे माणसे रोज वावरतात तेथेच त्यांना बोलावे लागते. आज आमची वारली रेघ पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सर्वत्र आहे. पण तेथे तिला काही बोलायचे नसते.

श्रायटर यांनी उत्तर दिले नाही. अणू चांगला की वाईट हे त्यांची खिडकी सांगत नाही. ती फक्त सूत्र आणि तारीख एकमेकांपासून दूर जाऊ देत नाही. ज्ञान एका इमारतीत आणि त्याची किंमत दुसऱ्या इमारतीत, अशी सोयीची विभागणी ती मोडते. म्हणूनच काहींना ती नको होती.

तारापूरची खिडकी कोणी केली तर तिच्यातही सूत्र असेल, २८ ऑक्टोबर १९६९ ही अभिमानाची तारीख असेल. तिच्याच उजेडात अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन नावेही वाचता आली पाहिजेत.