अदृश्य जखमेची ओळख

पहिल्या महायुद्धाच्या आरंभींच लष्करी इस्पितळांत निराळ्याच प्रकारचे रुग्ण येऊं लागले. अंगावर घाव नाहीं, हाड मोडलेलें नाहीं. पण कोणाची वाचा गेलेली, तर कोणाचे हातपाय अखंड कांपत असलेले. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत अशा तीन शिपायांची हकीकत प्रसिद्ध केली आणि 'शेल शॉक' हें नांव रूढ झालें.

जवळ तोफगोळा फुटल्यानें मेंदूस इजा होते, अशी प्रथम समजूत होती. परंतु स्फोटापासून दूर असलेल्यांनाही तीच व्याधि जडलेली पाहून, मूळ मनांत आहे हें हळूहळू उमगलें. लष्करी न्यायासनास मात्र खचलेलें मन आणि भ्याडपणा यांतील भेद नेहमींच दिसला नाहीं. पलायन, भ्याडपणा इत्यादि अपराधांबद्दल ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांत या व्याधीनें ग्रासलेलेही होते.

रुग्णास 'तें सारें विसरून जा' असाच उपदेश बहुधा होई. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट इस्पितळांत डॉ. रिव्हर्स यांनीं नेमकी याविरुद्ध वाट धरली. निलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करणारे ते हेच रिव्हर्स. दडपलेली आठवण रात्रीं दुप्पट बळानें उसळते. म्हणून तिला सामोरें जावें, असें त्यांचें मत. एका अधिकाऱ्यास मित्राचें छिन्नविच्छिन्न प्रेत सांपडलें होतें. तेंच दृश्य स्वप्नांत येई. झोपेचीच त्याला धास्ती बसली. शरीराची ती दशा म्हणजे मित्रास क्षणांत मृत्यु आला, दीर्घ यातना सोसाव्या लागल्या नाहींत, याचा पुरावाच होय, हें रिव्हर्स यांनीं त्यास दाखवून दिलें. कांहीं रात्रींनंतर मित्र पुन्हां स्वप्नांत आला; या वेळीं दुःख होतें, पण भय नव्हतें. अर्थात् जेथें आठवणींत सांत्वनाचा एकही धागा नव्हता, तेथें हा उपाय चालला नाहीं, हेंही त्यांनीं प्रांजळपणें नमूद केलें.

या चिकित्सेंत एक क्रूर विसंगति होती : जो बरा होई, तो पुन्हां रणांगणाकडेच जाई. क्रेगलॉकहार्टमध्यें उपचार घेतलेला कवि विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, शस्त्रसंधीच्या आठवडाभर आधीं, धारातीर्थीं पडला.

१९८० मध्यें अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें आपल्या रोगसूचींत 'आघातोत्तर तणावविकृति' या नांवानें या व्याधीस स्थान दिलें. ती केवळ शिपायाची नव्हे. अपघात, अत्याचार, भूकंप यांतून वांचलेल्यासही ती गांठते, हें मान्य झालें. २००६ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें त्या ३०६ जणांस मरणोत्तर क्षमा दिली. प्रशिक्षित चिकित्सकाच्या आधारानें आठवणीस क्रमाक्रमानें सामोरें जाणें, हा आजही प्रमुख उपचार आहे. मोडलेला हात वैद्यास दाखवितांना कोणी लाजत नाहीं. भ्यालेल्या मनाविषयींही तसेंच असावें, एवढें शहाणपण शिकावयास जगाला फार मोठी किंमत मोजावी लागली.