शेतीच्या पदवीचे बीज

विवळवेढे म्हटले की आपल्याला महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा आठवते. परंतु त्याच डहाणू-तलासरीच्या मुलखाच्या इतिहासात आजच्या एका प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. मुले शेतीच्या पदवीकडे का वळतात, किंवा का वळत नाहीत, हा तो प्रश्न.

या भागातल्या वारली मुलाला शेतीची पहिली ओळख कशी झाली? लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ होऊन बाप जमीनदाराच्या शेतावर राबे. वेठ चुकत नसे. भात पिकवणारा एक आणि कणगी भरणार दुसऱ्याची, हे मूल रोज पाही. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, ते याच अन्यायाविरुद्ध. ज्याला शेती शिक्षेसारखी भोगावी लागली, त्याच्या मुलाने तिची पदवी मागावी कशी? त्याला वीट मातीचा नव्हे, लाचारीचा आला होता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान द्यावे, अशी मागणी केली होती. आपण मात्र कळसाकडून पायाकडे निघालो. पुण्यासारख्या शहरात शेतकी महाविद्यालय उभे राहिले आणि खेड्यातल्या शाळेने नांगराकडे पाठ फिरवली.

ही दिशा बदलण्याचा यत्न याच मुलखात झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणू लागले. पाने, बिया, दगड हेच तिथले शिक्षणाचे साहित्य. कोणते गवत गुरे खातात, कोणते टाळतात, हे मुलाला आधीच ठाऊक असते. ते ‘ज्ञान’ आहे, असे त्याला प्रथमच कोणी सांगितले. त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्थाही उभी राहिली. दापोलीचे कृषी विद्यापीठ त्यानंतरचे, १९७२ चे.

एकट्या बालपणाने सारे ठरते, असे आम्ही म्हणत नाही. घरची जमीन, परीक्षेतले गुण, नोकरीची आशा यांचेही वजन असतेच. परंतु आवड-नावड ही अर्ज भरण्याच्या फार आधी रुजलेली असते.

आणि इथे आपण शहरवासीही निर्दोष नाही. ‘शिकला नाहीस तर शेती करावी लागेल!’ हा धाक आपण घरोघर घालतो. आणि तीच मुले शेतकी महाविद्यालयात गेली नाहीत, किंवा दुसरीकडे जागा न मिळाल्याने गेली, म्हणजे खंत करतो. महाविद्यालये वाढवावीत, शिष्यवृत्त्याही द्याव्यात; पण त्याआधी हा धाक आपल्या बोलण्यातून गेला पाहिजे. त्याला ना अनुदान लागते, ना सरकारी ठराव.